देवांच्या मागचं मोहोळ

“तुम्ही नका हात लावू. त्याला सांगा.”

बाई त्या आयरिश माणसाकडे बोट दाखवत होती. ती स्वयंपाकघराच्या बाहेर, काचेचं दार अर्धं ओढून घेऊन उभी. मी आत. अंगात पांढरा सूट, तोंडावर जाळी, हातात धूर सोडायचा डबा. माझ्यासमोर भिंतीवर टांगलेलं कपाट. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये बाईचे देव होते. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, चांदीचा एक टाक, छोटी समई. आणि सगळ्यांच्या अंगावर मधमाश्या.

मोहोळ देवांच्या मागे होतं, भिंतीच्या पोकळीत. ते काढायचं तर प्रेस उतरवावी लागणार. प्रेस उतरवायची तर आधी देव खाली घ्यावे लागणार. एवढंच काम.

तो आयरिश माणूस मघाशी गाडीत बसून बीफचं सँडविच खात होता. बोटं पँटला पुसत आत आला होता. त्याने देव उचललेले बाईला चालणार होते. मी उचललेले नाही.

मी सकाळी आंघोळ करून गेलो होतो. आता हे मी का सांगतोय? बघा, अजून जात नाही हे. कुणी विचारलेलं नसतं, तरी आधी आंघोळीचं सांगावंसं वाटतं. स्वतःचाच राग येतो.

पहिल्यापासून सांगतो.

मी यवतमाळकडचा. नागपूरला इंजिनिअरिंग केलं. आमच्या घरातला पहिला, आमच्या वस्तीतलाही पहिलाच. दोन हजार सालच्या सुमारास कंपनीने डब्लिनला आणलं. सँट्रीला ऑफिस होतं, डोक्यावरून सारखी विमानं जायची. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम. पुण्यामुंबईची पोरं बरोबर होती. मग बाजार बसला. एका शुक्रवारी सगळ्यांना खाली बोलावलं, कॉफी पाजली आणि सोमवारपासून येऊ नका म्हणाले.

त्या पोरांचं महिन्याभरात जमलं. कुणाचा मावसभाऊ दुसऱ्या कंपनीत मॅनेजर, कुणाच्या कॉलेजचा सिनिअर. माझा मावसभाऊ यवतमाळात ऑटो चालवतो. मी जे मिळालं ते घेतलं. ट्रलीला, म्हणजे डब्लिनपासून पार दुसऱ्या टोकाला, उंदीर आणि गांधीलमाश्या मारायची एक छोटी फर्म होती. मालकाला शिडीवर चढणारा आणि तक्रार न करणारा माणूस हवा होता. त्याने वर्क परमिट काढलं. बायकोला घेऊन मी ट्रलीला गेलो. घरी फोनवर एवढंच सांगितलं की कंपनी बदलली.

पहिल्याच उन्हाळ्यात एका शाळेच्या छपरात मधमाश्या निघाल्या. मालकाने नळीने विष सोडलं. अर्ध्या तासात छपरातून माश्यांचा सडा पडला. त्या लगेच मरत नाहीत. जमिनीवर गोल गोल फिरतात, एकमेकींच्या अंगावर चढतात. मला फावड्याने भरायला सांगितलं होतं. मी फावडं खाली टाकलं. मी उंदीर मारले होते, घुशी मारल्या होत्या, तेव्हा असं कधी झालं नव्हतं. मालकाला म्हटलं, ह्या जिवंत नाही का काढता येत?

“येतात ना,” तो म्हणाला. “पण त्याला लायसन लागतं.”

लायसन म्हणजे काय, तर तिथल्या मधपाळांच्या संघाची परीक्षा. ती पास झालात की विमा कंपनी तुमचा विमा उतरवते. विमा असला की लोक तुम्हाला त्यांची भिंत फोडू देतात. दोन्ही मिळून आम्ही लायसन म्हणायचो. आधी लेखी. मग परीक्षकासमोर मधपेटी उघडून दाखवायची. शेवटी एका राहत्या घरातून मोहोळ जिवंत काढायचं. परीक्षक फक्त बघणार. त्याने कशालाही बोट लावायचं नाही, सगळं उमेदवाराच्या हातून झालं पाहिजे. आणि घरमालकाची राजीखुशी हवी.

मी दोन हिवाळे चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्या वर्गाला गेलो. म्हातारे शेतकरी, एक निवृत्त मास्तर, दोन-तीन बाया. चहा असायचा, बिस्किटं असायची. कुठला तू, विचारायचे. यवतमाळ, सांगायचो. “ग्रँड,” म्हणजे छान, म्हणायचे, आणि पावसाबद्दल बोलायला लागायचे. त्यांना यवतमाळ माहीत नव्हतं. त्यामुळे पुढचा प्रश्नच नव्हता. त्या हॉलमध्ये मला जो मोकळा श्वास मिळाला तो मी नागपुरात घेतला नव्हता, खोटं कशाला सांगू.

लेखी झाली. मधपेटी झाली. शेवटची तेवढी राहिली. मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, “ह्या उन्हाळ्यात लायसन आण. तुझं परमिट शरदात संपतं. नुसते उंदीर मारणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.” म्हणजे ही परीक्षा गेली की परमिट गेलं, आणि परमिट गेलं की देश सोडायचा. बायकोला दिवस गेले होते.

आणि मग मालकाचा फोन आला. एकदम खुशीत. परीक्षेला घर मिळालं होतं. ट्रलीच्या बाहेर एका डॉक्टरचं घर आहे, स्वयंपाकघराच्या भिंतीत मोहोळ आहे, माणसं जिवंत काढून मागतायत. “आणि ऐक,” म्हणाला, “तुझीच माणसं आहेत! तुझीच भाषा बोलतात!”

मला आनंद झाला. किती आनंद झाला सांगू? इस्त्रीचा शर्ट घातला, वरून सूट घालायचा होता तरी. बायकोने विचारलं, लग्नाला चाललात का? गाडीत बसून मी मनातल्या मनात मराठी वाक्यं जुळवत होतो. मोहोळ कसं काढतात ते मराठीत कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल एका घरावर राग काढला. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात होते, मोठ्या हुद्द्यावर. पुण्याचे. त्यांनीच दार उघडलं. “या, या! मराठी माणूस! काय योगायोग आहे बघा!” हातात हात घेतला. “तुम्ही आलात, आता काळजी नाही.” आणि ड्यूटीला निघून गेले.

घरात बाई आणि डॉक्टरांची आई. आई साताऱ्याकडून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या, गुडघे गेलेले, सोफ्यावर पाय लांब करून टीव्ही बघत होत्या. बाईला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी. मागे एकदा चावली तर घसा सुजला होता, डॉक्टरांनी घरातच इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. त्यामुळे भिंतीतून माश्या यायला लागल्यापासून ती स्वयंपाकघरात गेलीच नव्हती. गॅरेजमध्ये छोटी शेगडी मांडून स्वयंपाक चालला होता. पूजासुद्धा बंद. रोज काचेच्या दारातूनच नमस्कार करायची, म्हणाली. वाईट वाटलं मला. खरंच वाटलं.

परीक्षक यायला वेळ होता. त्या गॅरेजमधल्या शेगडीवर बाईने माझ्यासाठी पोहे केले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, सगळं. आईंच्या शेजारी बसवून खायला घातलं. परदेशात असं बसवून कुणी घालत नाही. मी बोलत सुटलो. मोहोळात राणी कशी असते, पोळं कापून चौकटीत कसं बांधायचं, पेटी कुठे ठेवायची. बाई कौतुकाने ऐकत होती.

“कुठले तुम्ही?” आईंनी विचारलं.

“यवतमाळ.”

“लई लांबचं की.”

“आडनाव काय म्हणालात?” बाईने विचारलं. मी सांगितलं. आमचं आडनाव दोन्हीकडे चालतं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली, मग गेली. चहा ओतता ओतता म्हणाली, “मग कुलदैवत कोणतं तुमचं? आमचं जेजुरी.”

इतकं गोड विचारलं. माणसं असंच विचारतात. जात कुणी विचारत नाही हल्ली, कुलदैवत विचारतात. मी कप हातात घेत म्हटलं, “आम्हाला कुलदैवत नाही. आम्ही बौद्ध.”

“अच्छा,” ती म्हणाली. “अरे वा. छान.”

तीन उद्गार, एकापाठोपाठ एक, घाईघाईने. मग उठली. मला अजून पोहे हवेत का हे विचारायचं राहून गेलं तिचं. चहा झाल्यावर मी कप गॅरेजमध्ये ठेवायला निघालो तर म्हणाली, “असू दे, असू दे. तिथेच असू दे खाली.”

मला कळलं नाही असं नाही. यवतमाळात वाढलेल्या माणसाला हे वासाने कळतं. पण मी मनाला म्हटलं, जाऊ दे. परीक्षा द्यायला आलास, परीक्षा दे.

डिक्लन आला. परीक्षक. दुधाच्या डेअरीत आयुष्य गेलेला माणूस, साठीच्या पुढचा, हात केवढाले. गाडीत बसून सँडविच संपवलं, सूट चढवला, आणि म्हणाला, “चल, तुझं घर आहे असं समज. मी भिंतीवरची माशी, नुसती बघणार.” स्वतःच्या विनोदावर हसला.

आम्ही कामाला लागलो. आधी मी बाहेरून माश्यांचा येण्याजाण्याचा रस्ता बघितला, छपराच्या खालच्या फटीतून आत जात होत्या. आत येऊन भिंतीवर तळहात फिरवला. मोहोळ जिथे असतं तिथे भिंत कोमट लागते. प्रेसच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवला. ऊब बरोबर मध्ये. प्रेस उघडली तर मागच्या फळीच्या सांध्यातून माश्या येत होत्या आणि देवांवर बसत होत्या. धूर दिला थोडा. डिक्लन मान हलवत होता, म्हणजे ठीक चाललंय.

मी दारापाशी येऊन बाईला सांगितलं, “ताई, प्रेस उतरवावी लागेल. आधी देव काढून घेतो. एखादं स्वच्छ कापड द्या, त्यात ठेवतो.”

कापड मागितलं मी. स्वच्छ.

तेव्हा ती म्हणाली, तुम्ही नका हात लावू. त्याला सांगा.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. म्हटलं, “त्याला हात लावता येत नाही. माझी परीक्षा आहे.”

“तेवढं देव काढायचं परीक्षेत कुठे येतं? तेवढं त्याला करू दे. बाकी तुम्ही करा ना.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “गैरसमज करून घेऊ नका हं. आम्ही असलं काही मानत नाही. पण आई आल्यात ना. त्यांना नाही चालणार.”

सोफ्यावरून आवाज आला. “माझं नाव कशाला घेतीस गं? मी बोलले का काय?”

बाईचा चेहरा लालभडक झाला. “आई, तुम्ही गप्प बसा.”

“बसते बाई.” आणि आईंनी टीव्हीचा आवाज मोठा केला. माझ्याकडे बघितलंही नाही.

बाई डिक्लनकडे वळली. इंग्रजी फर्डं. आमचा धार्मिक प्रश्न आहे, तुम्ही जरा ह्या मूर्ती खाली घ्याल का, प्लीज? तो गोंधळला. “मी कसा घेऊ? युअर मॅन आहे ना. तुमचाच माणूस आहे, ह्या गोष्टी कशा धरायच्या ते माझ्यापेक्षा त्याला जास्त कळणार. आणि मी हात लावला तर परीक्षा बाद.”

मी आणखी वाकलो. म्हटलं, “डॉक्टरांना बोलवा. माझ्या गाडीत दुसरा सूट आहे. ते येऊन देव काढू देत, मी बाहेर थांबतो.” डिक्लनला विचारलं, घरमालकाने स्वतःचं सामान हलवलं तर चालेल ना? चालेल, म्हणाला. इतका वाकलो होतो मी. माझ्या हाताने देव बाटतात हे जवळजवळ मान्यच केलं होतं.

बाईने फोन लावला. दोघांचं बोलणं झालं, मग फोन माझ्या हातात आला. म्हणजे हातात नाही, तिने तो दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि मागे झाली. मी उचलला.

“अरे, ऐक ना,” डॉक्टर म्हणाले.

सकाळी मी ‘तुम्ही’ होतो.

“हे बघ, मला इथून उद्यापर्यंत निघता येत नाही. घरातल्या घरात मिटवू या ना. त्या गोऱ्याला काय कळतंय? तू त्याला सांग, तुला हे जमत नाही म्हणून. भीती वाटते म्हण. देवांवर माश्या आहेत, हात थरथरतायत, काहीही सांग. मग तो काढेल. पुढचं तू कर. आणि तुझ्या मालकाशी मी बोलतो, तू त्याची काळजी करू नको यार.”

ओट्याला टेकून मी ऐकत होतो. समोर डिक्लन घड्याळ बघत होता. त्याच्यासमोर ‘मला जमत नाही’ म्हणायचं म्हणजे परीक्षेत मी नापास, हे डॉक्टरांना कळत नव्हतं असं मी मानत नाही. त्यांनी आयुष्यभर परीक्षाच दिल्या होत्या.

तोंडाशी आले होते शब्द. खरं सांगतो, आले होते. बायको डोळ्यांपुढे आली, तिचं वाढलेलं पोट आलं, परमिट आलं. आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या काय काय गिळलं, त्यात हे एवढंसं. आय कान्ट. एवढंच म्हणायचं होतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. हिला माझा हात चालत नाही. पण माझं तोंड चालतं. मी नालायक आहे हे हिला माझ्याच तोंडून वदवून घ्यायचंय. म्हणजे हिने काही केलं नाही, डॉक्टरांनी काही केलं नाही, सासूने काही केलं नाही. मीच भित्रा. त्यांचं घर स्वच्छ राहिलं.

मी फोन बंद केला. डोक्यावरची जाळी काढली. माश्या फिरत होत्या तरी काढली. आणि डिक्लनला इंग्रजीत, मोठ्या आवाजात, बाईला ऐकू जाईल असं सांगितलं.

“आमच्या देशात काही लोकांनी काही लोकांना अस्पृश्य ठरवलं. मी त्यातला. मी हात लावला तर ह्यांचे देव विटाळतात. तू लावलास तर नाही. म्हणून ह्या मला सांगतायत, मला काम येत नाही असं तुला सांग. मला काम येतं. तू बघितलंयस.”

टीव्ही बंद झाला. आईंनी बंद केला असेल.

डिक्लन जमिनीकडे बघत राहिला. “जीझस,” म्हणाला. मी वाट बघत होतो. काहीतरी बोल लेका, म्हणत होतो मनात. शेवटी तो बोलला. “मला त्यातलं काही कळत नाही बाबा. ते तुमचं तुमचं. पण बाईची राजीखुशी नसेल तर मी तुला भिंत उघडू देऊ शकत नाही. परीक्षा झाली नाही असंच धरावं लागेल.”

ते तुमचं तुमचं. चांगला माणूस होता. पण चांगल्या माणसाला त्या दिवशी ते तुमचं तुमचं वाटलं.

बाईचा आवाज चढला. रागाने. “इथे परदेशात येऊनसुद्धा तुम्ही जात काढलीत! एका फॉरेनरसमोर! तुम्ही लोक ना, कधी सुधारणार नाही. घरी बोलावलं, खायला घातलं, त्याचं हे!”

जात मी काढली होती म्हणे.

“बाई,” मी म्हटलं. ताई म्हणणं तिथे संपलं. “मला तुमच्या देवांशी काही घेणंदेणं नाही. माझ्या आज्याने असे देव गावाबाहेर नेऊन विहिरीत टाकले. मी फक्त भिंत उघडायला आलो होतो.”

सामान भरलं, निघालो. बहादुरी वगैरे काही वाटत नव्हती, ओकारी येत होती. पोहे रस्त्याच्या कडेला ओकून टाकले.

बायकोला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “आता राहायचं कुठे?” बरोबर होतं तिचं.

पुढच्याच आठवड्यात आमच्या फर्मच्या दुसऱ्या माणसाने बाहेरून शिडी लावून त्या फटीत विष सोडलं. मालकाने मला कळवलंही नाही, मला दुसऱ्या गावी उंदरांवर पाठवलं होतं. बाईला मोहोळ जिवंत काढून हवं होतं, मारलं तर पाप लागतं म्हणून. पण मला देव उचलू देण्यापेक्षा मेलेलं मोहोळ परवडलं.

भिंतीत मोहोळ मारलं की काय होतं हे लोकांना माहीत नसतं. माश्या जिवंत असतात तोवर पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. त्या मेल्या की मेण वितळतं, मध गळतो. पिल्लं सडतात. त्या वर्षी ट्रलीला कधी नव्हे ते ऊन पडलं होतं. भिंतीवर डाग आला, डागातून पाझर सुरू झाला, अळ्या पडल्या. वास रस्त्यापर्यंत यायला लागला, असं मालकच सांगत होता.

आणि मग डॉक्टरांचा फोन आला. मालकाला नाही, थेट मला.

“अरे, काय म्हणतोस? झालं ते झालं, हां. मनात ठेवू नको. आता देव आम्ही काढून घेतलेत, हिने स्वतः काढले. माश्या नाहीत ना आता. तेवढं ते सगळं उपसून टाक बाबा. फार घाण झालीये. दुसरा कुणी यायला तयार नाही. तुला माहितीये ते कसं करायचं. मागच्या दाराने ये, पुढे कार्पेट आहे.”

मालकाने आधीच माझ्याशी बोलून ठेवलं होतं. “ते काम करून टाक. डॉक्टर खूश झाला की त्याचे सगळे दोस्त आपले गिऱ्हाईक. तू ते साफ कर, मी तुझं परमिट वाढवतो. परीक्षा असो नसो.”

म्हणजे सगळं मिळत होतं. परमिट, घर, बायकोचं बाळंतपण त्याच इस्पितळात. बदल्यात सडलेल्या माश्यांच्या दोन-चार गोण्या. माझ्या रोजच्या कामापुढे ते काहीच नव्हतं. मी मेलेले उंदीर दुसऱ्यांच्या माळ्यावरून काढत होतो.

गाडी रस्त्याच्या कडेला लावलेली होती. फोन कानाला. आणि मला आमचं गाव दिसलं. जिवंत गाय गावाची. दूध गावाचं, शेण गावाचं, वसुबारसेला पूजा गावाची. मेली की आमची. ओढून न्यायची, फाडायची. आमच्या आज्याच्या पिढीने एक दिवस ठरवलं, नाही ओढायची. गोठ्यात जनावरं फुगली, गावात नाकाला फडकी लागली, कुणी हात लावला नाही. गावाने दुकान बंद केलं, विहीर बंद केली, कामं बंद केली. आजी सांगायची, तेव्हा लेकरांना रानातल्या तरोट्याची भाजी उकडून घातली. पण ओढली नाही ती नाहीच.

मला कधी कळलं नव्हतं की त्यांनी नेमकं काय केलं. शाळेत वाचलं होतं, भाषणात ऐकलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. त्या फोनवर, ट्रलीच्या रस्त्यावर कळलं.

“नाही,” मी म्हटलं.

“नाही म्हणजे? अरे, तुझं कामच आहे ना ते?”

“तुमचं मेलेलं तुम्ही काढा.”

मग सगळा गोडवा गेला. “माज आलाय तुला.”

“हो,” म्हटलं. “आलाय.”

मालकाने परमिट वाढवलं नाही. मी त्याला दोष देत नाही, त्याने आधीच सांगितलं होतं. ती भिंत शेवटी कुणी उपसली मला माहीत नाही. आम्ही पार उत्तरेला, लेटरकेनीला गेलो. तिथे छपरं दुरुस्त करणाऱ्या एकाने परमिट काढलं. उंचावर, वाऱ्यात, पावसात स्लेटच्या फरश्या बसवायच्या. मुलगी तिथेच झाली. त्या बाळंतपणात बायकोजवळ बसायला कुणी नव्हतं, मी छपरावर होतो. हे तिने मला अजून माफ केलेलं नाही. तिला म्हणतो मी चुकलो नाही. ती म्हणते, चुकला नाहीत, पण बसायला कुणी नव्हतं. दोन्ही खरं आहे.

ह्या दोन हजार सातच्या उन्हाळ्यासाठी मी परीक्षेला पुन्हा नाव दिलंय. डिक्लनचा फोन आला होता. इकडच्या परीक्षकाला त्याने माझं सांगितलं म्हणाला. चाचरत होता. “तुझ्यासाठी एखादं आयरिश घर बघू का? म्हणजे तो त्रास नको.”

मी नको म्हटलं. तो त्रास टाळून मिळालेलं लायसन मला नको. लेटरकेनीच्या इस्पितळातही आपल्याकडचे डॉक्टर आहेत, त्यांच्याही भिंती आहेत, आणि मधमाश्या घर बघून बसत नाहीत. जे घर येईल ते येऊ दे. बेल वाजवली की दारातच माझं नाव, माझं गाव, माझी जात मीच सांगणार. कुलदैवत विचारायची तसदी कुणाला नको. मग आत जाणार. पुढच्या दाराने. भिंत आतूनच उघडणार, आणि भिंतीपुढे जे काही मांडलेलं असेल, देव असोत की डबे, ते माझ्या ह्याच हातांनी उचलून बाजूला ठेवणार.

ज्यांना चालत नसेल त्यांनी माश्यांबरोबर राहावं.